लिफ्टमामांचा अबोला

रोज सकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना मामा लिफ्टचं जाळीचं दार ओढून घ्यायचा आणि रिकामी लिफ्ट तळमजल्यावरून सहाव्या मजल्यावर न्यायचा. एकटाच. कोणी धावत आलं तरी थांबायचा नाही. "पहिली फेरी माझी," म्हणायचा. "आधी आपण बसून बघावं, मग लोकांना बसवावं." सहाव्यावर पोचलं की हँडल सोडायचा आणि शेजारी कोणीतरी उभं असावं तशा आवाजात म्हणायचा, "आलो रे. आहेस ना?" उत्तर येण्याइतका वेळ थांबायचा, मग खाली यायचा.

हे त्यानेच मला सांगितलं होतं, आणि सांगताना जरा लाजला होता.

ते रुग्णालय जुनं होतं आणि लिफ्टही जुनी. बटण दाबून सुटका नव्हती, हँडल फिरवून ती चालवावी लागे आणि मजल्याशी अचूक थांबवावी लागे. लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन यांत दोन बोटांचा फरक पडला तरी स्ट्रेचरची चाकं खडखडतात आणि टाके घातलेल्या माणसाच्या तोंडून किंकाळी निघते. मामाच्या हातून चाकं खडखडत नसत. रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, सगळे त्याला लिफ्टमामा म्हणायचे. माझी ओळख करून देताना तो सांगायचा, "खरी भाची ही एकटीच. बाकी सगळी दुनिया फुकटची."

त्या लिफ्टमध्ये एक शब्द चालत नसे, तो म्हणजे 'वर'. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मामाने एका म्हाताऱ्या पेशंटच्या मुलाला साधेपणाने विचारलं होतं, "यांना वर न्यायचंय का?" त्या मुलाने त्याची कॉलर धरली. तेव्हाच्या थोरल्या सिस्टरनी दोघांना सोडवलं आणि नंतर मामाला बाजूला घेऊन सांगितलं, "इथे तो शब्द वापरायचा नाही. 'कितवा मजला?' असं विचारायचं." मामाने हे इतकं मनावर घेतलं की पुढे तो घरीसुद्धा 'वर' म्हणेना. कपाटावरचा डबा हवा असला की म्हणायचा, "तो कपाटाच्या डोक्यावर बसलाय ना, तो दे."

"वरचा डबा म्हणा की सरळ!" मामी कपाळावर हात मारून म्हणायची. "डबा काही मरत नाही."

"सवय बिघडते," मामा म्हणायचा. "जीभ एकदा घसरली की घसरली."

मी अठराव्या वर्षी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले. त्यांना मूल नव्हतं. दोन खोल्या, तिसरा मजला, आणि इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टमनचं घर जिन्याचं, हा मामीचा ठरलेला विनोद होता. पाहुणे दम लागून दारात उभे राहिले की ती तो ऐकवायची.

मामी सकाळी देवाशी बोलायची. प्रार्थना म्हणावी असं ते काही नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल ओढायची, हातात चहाचा कप घ्यायची आणि सुरू व्हायची. "अरे, ऐकतोयस ना? काल गुडघ्याने फार छळलं. समोरच्या घरातला तो माणूस पुन्हा बायकोवर ओरडत होता, त्याच्याकडे बघ जरा." अर्धा तास. त्यात सगळ्या गल्लीची खबरबात असे. मामा दाढी करता करता आतून ओरडायचा, "बघ, त्याला अरे-तुरे आणि मला अहो-जाहो! कोणाशी जास्त जवळीक आहे ते कळलं."

"तो मध्ये बोलत नाही," मामी उत्तर द्यायची. "तुम्ही बोलता."

बोलणं ऐकण्यातही मामीचा हातखंडा होता. समोरचा थांबला की ती फक्त "मग?" म्हणायची, आणि माणूस सांगायचं नसलेलंही सांगून टाकायचा. माझं पहिलं प्रेम आणि त्याचा शेवट, दोन्ही तिने चार-पाच 'मग?' वर काढून घेतलं होतं.

त्या दोघांची भांडणं थोडी होत, पण झाली की अबोला चालायचा. त्याचे नियम पक्के होते. एकमेकांशी बोलायचं नाही, पण काम अडू द्यायचं नाही. म्हणजे मधे मी. "सांग तुझ्या मामाला, पाणी तापलंय." मामा दोन हातांच्या अंतरावर उभा. "सांग तुझ्या मामीला, ऐकलं मी." अबोल्यात मामी त्याला 'अहो' म्हणत नसे, मामा तिला 'अगं' म्हणत नसे, तिच्याबद्दल बोलताना तो एकदम 'त्यांना', 'त्यांचं' असं मानाने बोलू लागे. मान वाढला की समजायचं, राग खरा आहे.

मी तिसऱ्या वर्षाला असताना, एका दुपारी, मामी बाजारात कोसळली. लोकांनी तिला जवळच्या रुग्णालयात नेलं, आणि जवळचं रुग्णालय मामाचंच होतं. तिचं स्ट्रेचर मामाच्याच लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर गेलं. मी पोचले तेव्हा लिफ्ट चौथ्यावर उघडी उभी होती, आत मामाचं स्टूल रिकामं होतं, आणि खालून लोक बेल वाजवत होते. बावीस वर्षांत तो पहिल्यांदा लिफ्ट सोडून गेला होता.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. पाच आठवड्यांनी तिला घरी आणलं, तेव्हा मामाने आणि वॉर्डबॉयने खुर्चीत बसवून तिला तीन जिने चढवलं. दारात आल्यावर कोणीच लिफ्टमनच्या घराचा विनोद केला नाही. मामीने आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग."

तेवढा एक शब्द राहिला होता. भूक लागली, मग. उशी टोचते, मग. शेजारच्या काकू आल्या, मग, मग! थेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा यायची, चित्रं दाखवायची, तोंडाचे व्यायाम घ्यायची. ती म्हणाली, समजतं त्यांना सगळं, रस्ता फक्त बाहेर यायचा बंद आहे. करत राहिल्या तर दोन-चार शब्द परत येतील, आणि सोडून दिलं तर आहे तोही जाईल.

भेटायला येणारे काहीबाही बोलायचे. काकू म्हणाल्या, "देव परीक्षा बघतो हो."

"परीक्षा घ्यायची तर माझी घ्यायची," मामा म्हणाला. "पेपर हिच्या हातात का दिला?"

रुग्णालयाचा कंपाउंडर देव न मानणारा. तो म्हणाला, "मामा, देव नाहीच असं म्हणा, सुटाल."

"नाही कसा? नसेल तर मी रागवू कोणावर, तुझ्यावर?" मामा म्हणाला. "आहेत ते. व्यवस्थित आहेत. रोज सकाळी ही त्यांच्याशी अर्धा तास बोलायची, आणि त्यांनी उचललं काय, तर हिचं बोलणं. बावीस वर्षं लोक मामा म्हणत होते, यांनी बनवून दाखवला."

"अहो, पण..."

"पण नाही. माझा त्यांच्याशी अबोला आहे."

'त्यांच्याशी' हा शब्द माझ्या कानाला लागला. ज्याला तो रोज सहाव्या मजल्यावर 'आहेस ना?' विचारायचा, त्याचा मान वाढला होता. पहिली फेरी मामा अजून करत होता, यंत्र तपासायला हवं म्हणून. पण तोंड मिटून, असं सिस्टरनी मला सांगितलं. लिफ्टमध्ये तो आता मजला विचारायलाही बोलेना. भुवई उचलायचा, लोक आकडा सांगायचे.

घरी मात्र सकाळ कठीण झाली. मामीला आम्ही खिडकीशी बसवायचो, डाव्या हातात कप द्यायचो. ती बाहेर बघायची, ओठ हलवायची, "मग... मग..." आणि चिडून कप खाली ठेवायची. मग मामाची बाही ओढायची. आधी आपल्या तोंडाला बोट लावायची, नंतर त्याच्या तोंडाला, आणि मग खिडकीकडे दाखवायची. पहिल्या दिवशी मामा म्हणाला, "खिडकी बंद करू?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ऊन येतंय का?" मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याला त्याआधी कळलं असणार.

"मामा," मी जिन्यात त्याला गाठलं. "तिला वाटतंय, तिचं बोलणं तू बोलावंस."

"कळतंय मला."

"मग बोल ना."

"तुझी मामी आणि मी यांत अबोला असताना तू कधी आम्हाला म्हणालीस का, 'बोला ना'? अबोला असा सुटत नाही. आणि काय बोलू? 'बरं केलंस' म्हणू? तिच्या तोंडून?"

"ती जे म्हणेल ते."

"ती काय म्हणेल ते मला नको आहे," तो म्हणाला. "ती माफ करून मोकळी होईल. मला ओळख आहे तिची."

नवव्या की दहाव्या दिवशी मामीने बाही ओढायचं सोडलं. खिडकीशी न्यायला लागलो तर मान हलवली. थेरपिस्ट बाई आली, चित्रं काढली. मामीने भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसापासून 'मग'ही थांबलं. बाईने जाताना माझ्याकडे बघून ओठ आवळले. मला समजलं, आहे तोही जाईल म्हणजे काय.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मामा मला म्हणाला, "ही माझ्याशी बोलत नाहीये."

"मामा, ती बोलूच शकत नाही."

"ते वेगळं. हे न बोलणं वेगळं. सत्तावीस वर्षांचा संसार आहे माझा, फरक कळतो." मग मामीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "सांग तुझ्या मामीला, औषधाची वेळ झाली."

मी बघतच राहिले. मामी पलंगावर, मामा पलंगाच्या पायथ्याशी, दोघांत चार हातांचं अंतर, आणि मधे मी. मी म्हटलं, "मामी, औषधाची वेळ झाली." मामीने गोळी घेतली, पण माझ्या हातातून. मग डाव्या हाताने मला जवळ ओढलं, मामाकडे बोट केलं, खिडकीकडे बोट केलं, आणि हात झटकला. निरोप स्पष्ट होता. मी तो पोचवला. "मामी म्हणते, तिकडे बोलणार नसशील तर इकडेही बोलू नकोस."

मामा त्या दिवशी कामावर गेला नाही. त्याने उगाचच नळ दुरुस्त केला, चालू असलेला. दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, चहा केला, मामीला काही न विचारता उचलून खिडकीशी बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून तिच्या बाजूला बसला. रस्त्याकडे पाठ करून.

"हे बघ," तो तिला म्हणाला. "माझा अबोला आहे तसाच आहे. मी बोलणार नाही. हा तुझा निरोप. निरोप्याला राग नसतो, निरोप्या फक्त पोचवतो. कबूल?"

मामीने मान हलवली.

त्याने घसा साफ केला. मग तिच्याच चालीत, आवाज तिच्यासारखा थोडा ओढून, म्हणाला, "अरे, ऐकतोयस ना?"

मी दारात होते. हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"बऱ्याच दिवसांनी बोलतेय," मामा म्हणाला. "पाय बरा आहे. काल पलंगावरून आपणहून उठले. हा माणूस धरतो, पण फार घट्ट धरतो, दंड दुखतो. शेजारच्या काकूंच्या सुनेला दिवस गेलेत, तिला सांभाळ. भाचीची परीक्षा आलीय, अभ्यास किती झालाय ते तुलाच ठाऊक." मामी मान डोलावत होती. काही चुकलं की त्याच्या गुडघ्यावर बोट आपटायची. तो मागे जाऊन दुरुस्त करायचा. "थेरपिस्ट बाई गुणाची आहे, पण पोरांची चित्रं दाखवते. मी काही पोर नाही. मला सगळं समजतं. त्या दिवशीही समजत होतं. स्ट्रेचरवर आडवी होते, छतावरचे दिवे मागे जात होते. घाबरले होते. मग लिफ्टचं दार उघडलं, हा दिसला, वाटलं, आता सुटले. काहीतरी सांगत होते त्याला. आणि मी म्हणालो..."

तो थांबला.

काय झालं ते मला क्षणभर कळलं नाही. उठले, घाबरले, सुटले, आणि मग 'म्हणालो'. एका अक्षराने तो तिच्या बोलण्यातून बाहेर पडला होता आणि त्याचं त्यालाही तेव्हाच कळलं. त्याने तोंडावर हात ठेवला.

मामी त्याच्याकडे बघत होती. "मग?" ती म्हणाली.

पाच दिवसांनी.

"मी म्हणालो, 'वर?'" मामाने तोंडावरचा हात काढला. "कितवा मजला, असं विचारायचं. वॉर्डबॉय सांगतो, चौथा. रोजचं आहे. हिचं तोंड वाकडं झालेलं दिसलं आणि माझ्या तोंडून तेच गेलं, 'वर?' हिने ऐकलं. तळमजल्यावर ही काहीतरी बोलत होती, अर्धंमुर्धं, पण बोलत होती. चौथ्यावर दार उघडलं तेव्हा गप्प होती."

"मग?"

आणि मामा वळला. स्टूलसकट वळला, खिडकीकडे. "बावीस वर्षं मी तो शब्द उच्चारला नाही," तो म्हणाला, आणि हा आवाज त्याचा स्वतःचा होता. "घरात नाही, झोपेत नाही. रोज तुझ्याकडे पहिली फेरी आणली. ते तुला ऐकू आलं नाही? एकदा जीभ घसरली, तेवढंच बरं ऐकलंस? आणि घसरली माझी, तर माझी घ्यायची होतीस. लिफ्टमनला काय लागतं बोलायला? बोटाने भागलं असतं. हिचं कशाला घेतलंस? हिच्याइतकं तुझ्याशी कोणी बोलत होतं का रे? उत्तर दे. एरवी देत नाहीस, आज दे."

खाली रस्त्यावर कोणीतरी शटर उघडत होतं.

मामीने डावा हात उचलला. मला वाटलं, त्याच्या खांद्यावर ठेवेल. तिने त्याच्या डोक्यात टपली मारली. चांगली जोरात. मग तोच हात स्वतःच्या कपाळावर मारून घेतला, तो 'वरचा डबा' म्हणत नसे तेव्हा मारायची तसा, आणि म्हणाली, "मग!" हा प्रश्न नव्हता. 'एवढंच ना' असा काहीतरी त्याचा अर्थ होता, किंवा 'अहो, काहीतरीच तुमचं'. मामा तिच्याकडे बघत राहिला आणि मग दोन्ही हातांत तोंड घालून रडला. मी आत जाऊन विनाकारण भांडी घासली.

पुढे डॉक्टरांनी त्याला पुन्हा समजावून सांगितलं की गाठीने जे करायचं ते बाजारातच केलं होतं, शब्दाचा काही संबंध नाही. त्याने ऐकून घेतलं. त्याला पटलं का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचा राग गेला असंही मी म्हणणार नाही. मामीचा हात परत आला नाही, आणि दोन वर्षांच्या मेहनतीनंतर शब्द आले ते तीन: 'पाणी', 'नको' आणि 'अहो'. 'अहो' आला त्या दिवशी मामाने अख्ख्या रुग्णालयाला सांगितलं, आणि संध्याकाळी खिडकीशी उभा राहून म्हणाला, "बाई म्हणाली त्या चारातला आणखी एक दिलास. बाकीचं कधी?"

सकाळचा क्रम आता ठरून गेला. आधी मामीचं बोलणं: उठले, बसले, झोप लागली नाही, काकूंच्या नातवाला ताप आहे. मग मामा स्टूल थोडं पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "हिचं झालं. आता माझं." ते छोटं असायचं आणि बहुतेक वेळा तक्रारीचं. कधी नुसतं, "आज बोलावंसं वाटत नाही," एवढंच. मामी ऐकत बसायची आणि तो अडला की 'मग?' म्हणायची. सिस्टरनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, "सुटला का हो मामा अबोला?"

"सुटला कसला," मामा म्हणाला. "पूर्वी न बोलता भांडायचो. आता बोलून भांडतो."

लिफ्ट बदलली, बटणांची आली, आणि त्याच वर्षी मामा निवृत्त झाला. मी एम.ए. करून नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेले. तिथे मी लोकांना मामाबद्दल सांगायचे तेव्हा बहुतेक जण विचारायचे, शेवटी त्याची श्रद्धा परत आली का? मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नसे. ती कुठे गेली होती असं मला कधी दिसलंच नव्हतं. जो माणूस घरात आहे त्याच्याशीच अबोला धरता येतो. आणि तरीही तो राग लटका नव्हता. मामा अखेरपर्यंत कोणाच्या तोंडून 'जे होतं ते चांगल्यासाठी' हे वाक्य पुरं होऊ देत नसे. "चांगल्यासाठी नाही झालं," म्हणायचा. "झालं. बस."

परवा त्याला जाऊन वर्ष झालं. मामी आता माझ्या आईकडे असते. तो गेला त्या सकाळी मी त्याला फोन केला होता, सुट्टीत येतेय एवढंच सांगायला. दुपारी जेवून खुर्चीत बसला तो उठला नाही. म्हणजे माझ्याशी त्याचं शेवटचं बोलणं ते सकाळचं. पुरतं बोलणंही नव्हतं. घंटा बराच वेळ वाजली, मग त्याने फोन उचलला आणि माझं एक वाक्यही होऊ न देता, घाईघाईने, दबक्या आवाजात म्हणाला, "नंतर कर गं फोन. हिचं बोलणं चाललंय."